नमुना क्रमांक चौदा

गावाचं नाव हो.
आणि माझं काम इथे नाही म्हणायचं.
दर पाचव्या दिवशी बाजार भरतो,
मी निघतो, काखेत खोका,
खोक्यात चोवीस रिकाम्या बाटल्या, लाख, दोरा,
एक पेन लिहिणारं
आणि एक साहेबांसमोर काढायचं.

मला बघून बायका अजून तेच कुजबुजतात
जे त्यांच्या आया कुजबुजायच्या:
टांकासे आला.
तेव्हाचा टांकासे खाकी अर्ध्या चड्डीत यायचा,
रांजणात पळी बुडवायचा,
एक अळी वळवळली की दंड.
म्हणून त्याची सायकल वाजली रे वाजली
की गल्लीभर रांजण पालथे.
पाणी चांगलं की वाईट, कुणाला ठाऊक.
जमीन तेवढी भिजायची.

मला अळी शोधायची नसते.
मला लाल रंग शोधायचा असतो, लालात.
सकाळच्या उन्हात पामतेलाच्या बाटल्यांची रांग:
विटेचा लाल, कोंबड्याच्या तुऱ्याचा,
आणि एक, जो कुठल्याच झाडाला येत नाही,
कापड रंगवायच्या पुडीतून येतो.
कुठला कुठला, ते डोळ्यांना कळत नाही.
कळतं म्हणणारे पुष्कळ.
पहिलं वर्षभर मीही म्हणायचो.

दावी आफेफानं बाटली उन्हात धरली.
(दावी म्हणजे थोरली बहीण. बाजारात सगळ्याच दावी.)
"बघ सेनानू, तेज कसं आहे!"
तिच्याच तेलातल्या चवळ्या
मी त्या सकाळी बाजाराच्या तोंडाशी खाल्ल्या होत्या,
दोनदा मागून घेऊन.
लेबल चिकटवलं. चौदा.

नमुना अक्राला गेला.
अकरा दिवस.
अकरा दिवसांत एक पिंप संपतं,
दोन बारशी होतात, एक मयत जेवतं,
शाळेच्या डब्यांचं तर विचारूच नका.
उत्तर आलं: रंग सापडला.
उरले होते साडेतीन डबे.
खड्डा खणून घेतला, राखेत ओतले, पंचनामा केला.

दावी ओरडली नाही.
ओरडली असती तर सोपं गेलं असतं.
म्हणाली, "मी ट्रकवाल्याकडून घेते,
तो कुणाकडून घेतो, देव जाणे.
मला एवढंच शिकव,
डोळ्यांनी कसं ओळखायचं?"
मी लाखेची कांडी पुसत राहिलो.
"म्हणजे तुलाही येत नाही."

त्याच्या पुढच्या की त्याच्याही पुढच्या बाजारी
तिचं दुकान पुन्हा मांडलेलं.
तेल फिकं, केशरी,
बहिणीच्या शेतावर स्वतः उभी राहून काढून आणलेलं.
गिऱ्हाइकं बाटली उचलत, उन्हात धरत, खाली ठेवत.
"आजारी दिसतंय गं तुझं तेल."
मग नजर वर जाई,
बांबूला प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेल्या कागदाकडे.
नगरपालिकेचा गोल निळा शिक्का.
खाली माझी सही. त्या दिवशी पेन झकास चाललं होतं.
"तपासलेलं आहे," दावी म्हणे.
आणि ते खोटं नव्हतं.

वाचलं असतं तर लिहिलेलं होतं:
सदर माल मानवी सेवनास अपायकारक,
समक्ष नष्ट करण्यात आला.
शिक्क्याच्या खालची अक्षरं कोण वाचतो?

मी वाचली.
तिनं मला वाचताना पाहिलं.
दोन बायका बाटल्या घेऊन गेल्या,
एकीनं तर कागदाकडे बघून मान तुकवली.

नियमाप्रमाणे तो उतरवायला हवा होता.
मी खोका उघडला,
तिच्या फिक्या तेलाची बाटली भरली,
आकडा टाकला, लाख वितळवली,
बोट भाजून घेतलं.
"अकरा दिवस," मी म्हटलं.
"मग अकरा दिवस राहू दे की तो वर?"

मागे ट्रक वाजत होता,
कुणीतरी आणखी लाल काही उतरवत होतं.
मी बोट तोंडात घालून
गावाचं नाव घेतलं.